लाल वायर देवाला

१५ नोव्हेंबर, शनिवार
आईने विठ्ठलवाडीहून देवांचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या मूर्ती, आणून दिले. येत्या शुक्रवारी खंडोबाचे घट यंदा आमच्याकडे, बाळकुमला. बावीस वर्षं थोरल्या चांगदेवदादाकडे होते. तो फोनवर म्हणाला, प्रफुल्ल, सांभाळ रे, तुझ्याकडे वस्तू धड राहत नाही. आता दाखवतोच. टाक काळपट पडलेत. रांगोळीने घासत बसणं अडाणीपणा. इलेक्ट्रोलिसिस करणार.

१६ नोव्हेंबर
बोर्ड, रिले, बारा व्होल्टचा अडॅप्टर तयार. करंट लांबून चालू-बंद करायला मोबाइलवर ॲपही बनवलं. रसिका म्हणाली, सोनाराकडे दे ना. बायकोला विज्ञानाची आवड नाही.

१७ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
मिठाचं पाणी, स्टीलचा चमचा. पहिला मान खंडोबाला. ज्या व्हिडिओवरून शिकलो त्यात वस्तूला काळी वायर लावलेली. देवाला काळी वायर? शोभतं का? लाल देवाला, काळी चमच्याला. बुडबुडे जोरात!

दुपारी ऑफिसातून मोबाइलवर वीस मिनिटं वाढवली. सगळ्यांना दाखवलं.

संध्याकाळी टाक आणखी काळा. म्हणजे मळ सुटतोय. उद्या दोन तास.

१८ नोव्हेंबर
टाकावरचा खंडोबाचा घोडा दिसत नाही. घोडा म्हणजे मळच होता की काय? पाणी बदललं. आणखी एक तास.

१९ नोव्हेंबर
खालच्या मजल्यावरचा हितेश प्लेटिंगच्या कारखान्यात आहे. त्याला ॲपमधलं काय कळणार म्हणून आधी विचारलं नव्हतं. त्याने वायरी बघितल्या. म्हणाला, भाऊ, लाल टोकाला लावाल ते झिजतं, तुमचा देव पाण्यात गेला.
पाणी मी बेसिनमध्ये ओतलंय.

२० नोव्हेंबर
सोनार म्हणाला, हुबेहूब नवा करायला आठ दिवस. तयार टाक दाखवले. आईला लांबूनही कळेल. रात्रभर डोळा लागला नाही. आईची भीती वाटते, लहानपणी वाटायची तशीच.
ठरलं. फुलांनी झाकायचं. दोन किलो झेंडू आणला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
आई सकाळीच आली. आधी फुलं बाजूला केली.
मी व्होल्टेज समजावायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. सगळे टाक फडक्यात बांधले. म्हणाली, घट चांगदेवकडेच बसवते, तुम्ही दोघं जेवायला या.
दारात थांबून तिने खंडोबाचा पत्रा पुन्हा बाहेर काढला. फिरवून फिरवून बघितला. मग विचारलं, ह्याची वरची बाजू कुठली रे.