काजलच्या दुखण्याचं शून्य

तीर्थस्वरूप अंजनाआत्यास,

अंकुशचा नागपूरहून सविनय जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत, मामाजींचा खोकला थांबला का, मोसंबीला यंदा बहार कसा आहे, हे सगळं आधी विचारून घेतो, कारण मागाहून विचारण्याची हिंमत राहणार नाही. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणशील तर मी सीताबर्डीच्या खोलीवर बसून मुरमुरे खाऊन राहिलो आहे, आणि संशोधनातून मला काढलं की मीच निघालो, हे अजून ठरायचं आहे.

आमच्या ठवकर सरांनी संत्र्याच्या सालीच्या अर्काची कॅप्सूल सिकलसेलच्या दुखण्यावर चालते का ते तपासायला घेतलं होतं, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या काजलचं नाव त्यात मीच घातलं. रोजच्या गोळ्या चालू ठेवायच्या, वरून कॅप्सूल घ्यायची, आणि दर महिन्याला येऊन दुखणं शून्य ते दहापैकी किती ते सांगायचं. त्या आकड्यांचा अर्थ लावणं माझ्याकडे होतं. (गणिताला भिऊन बायोकेमिस्ट्री घेतली, तर गणित मागच्या दारानं आलं.) सर म्हणाले, काळजी काहून करतो, आता कॉम्प्युटरमधल्या एआयला विचारायचं. सर त्याच्याशी नव्या जावयाशी बोलावं तसे बोलतात. आधी ख्यालीखुशाली, मग काम. तोही इतका नम्र, की आपल्या घराण्यात तसं कोणी निपजलं नाही. मी रुग्णांची नावं काढून आकडे त्याच्या हवाली केले, आणि त्यानं दुखण्याची रेघ काढली ती विहिरीत बादली सोडल्यासारखी सरळ खाली. रेघेखाली लांबलचक मजकूर होता. सर म्हणाले, "आता खाली काय वाचून राहिला गा? रेघ दिसते ना?" मीही वाचलं नाही. (वीजबिलाच्या मागचं तरी आपण कुठं वाचतो?) आणि खोलीवर येऊन तुला फोन केला. गोळ्या बंद कर असं मी म्हटलं नव्हतं. पण औषध चाललं, हे लग्न जमल्याची बातमी द्यावी तशा आवाजात सांगितलं, आणि तू शब्दांपेक्षा आवाजावर विश्वास ठेवलास.

पुढं सरांनी मोठमोठे डॉक्टर बोलावून सभा भरवली. मोठ्या पडद्यावर त्यांनी स्वतःच मराठीत टाइप केलं, की बेटा, आपलं औषध चाललं ना? त्यानं सभेसमोर उत्तर दिलं, "तसं म्हणता येणार नाही. जे रुग्ण आले नाहीत त्यांची जागा कोरी होती, आणि तिथं मी दुखणं शून्य धरलं होतं. हे बरोबर आहे का ते तपासा, असं पहिल्याच उत्तरात लिहिलं होतं. ते रुग्ण वगळले तर औषधाचा फरक दिसत नाही." (तसं धरायलाच नको होतं, हे त्यालाही सुनावायचं आहे, पण तो लगेच माफी मागतो, त्यामुळे भांडणात राम राहत नाही.) मागच्या रांगेतल्या एका डॉक्टरांचा समोसा तोंडाजवळ थांबला. सरांनी पडदा बंद करायला सांगितलं, तर मला बटणच सापडेना, आणि ते वाक्य चांगला वेळ सरांच्या टकलावर चमकत राहिलं. मग बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, शोधनिबंध परिषदेला गेलेला आहे, कोऱ्या जागांचं मागाहून पाहू. मी परिषदेला कळवलं की माझं नाव काढा. तेव्हापासून सर माझ्याशी बोलत नाहीत.

न आलेल्या लोकांना मी फोन लावत बसलो. काही जण कामाला परगावी गेले होते. एकाचे वडील म्हणाले, तो आता नाही. आमच्या तक्त्यात त्याचं दुखणं अजून शून्य होतं. आणि काही महिने काजलही आली नव्हती, म्हणून त्याच तक्त्यात ती सगळ्यांत निरोगी. मामाजींनी फोन उचलला तेव्हा कळलं, की गोळ्या सोडल्यावर तिला काटोलला भरती करावं लागलं होतं, आणि मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही सांगितलं नाही. मी म्हटलं, गोळ्या सुरू करा. त्यांच्या हातून फोन घेऊन तू म्हणालीस, "आता कोणतं ऐकू गा? त्या दिवशीचं का आजचं?" आणि ठेवून दिलास. तुझं काहीच चुकलं नाही.

मामाजींना जय भीम. थोरांना नमस्कार सांगावा इतकी माझी लायकी सध्या नाही, तरी सांग.

तुझा,
अंकुश

ता.क. सर, सभा, समोसा हे सगळं मी धीर गोळा करायला लिहिलं. काम एवढंच आहे, की त्या कॅप्सुला फेकून दे आणि पत्र मिळताच काजलला तिच्या डॉक्टरकडे नेऊन गोळ्या पुन्हा सुरू कर. रविवारच्या एस्टीनं मी येतोच आहे. तेव्हा मला शिव्या दे, पण गोळ्या माझ्यासाठी थांबवू नको.

आणखी ता.क. तुझ्या मोतीबिंदूपायी हे पत्र काजलच वाचून दाखवत असेल. काजल, काटोलचा भाग गाळला असशील तर मागं जा आणि आईला वाचून दाखव. मग माझं एक काम कर. तू आली नाहीस त्या महिन्यांत किती दुखलं ते मला लिही. आईसमोर सांगते ते नाही, खरं ते. आमच्या तक्त्यात दहाच्या वर लिहायला जागा नव्हती. पत्रात आहे.