चुकून जिंकलेली लढाई

प्रिय ओतिलिया,

तुझ्या आईचा गुडघा आता बरा आहे. म्हणजे कुरकुरतो, पण ती त्याच्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजी नको. कॉफी यंदा चांगली आली. तू पुएब्लाहून दुरुस्त करून पाठवलेला पंप झकास चालतोय आणि गॅरेजात काम करणारी लेक असली की बापाला किती मिरवता येतं, ते मी गावाला रोज दाखवून देतो. बाकी पाच मेच्या सणाची तयारी सुरू झाली आहे. तू मे महिन्यात गावी येत नाहीस ते माझ्यामुळे, आणि बावीस वर्षं आपल्या घरात हा विषय निघालेला नाही. आज मी काढतो आहे. पत्र अर्ध्यावर टाकू नकोस.

परवा शाळेतल्या नव्या बाईंनी या सणाची जन्मकथा मुलांना सांगायला मला बोलावलं. सणाच्या लुटुपुटूच्या लढाईतल्या फ्रेंच जनरलच्याच तोंडून ऐकू दे म्हणे. मी सांगितलं, की १८६२ साली जगातली नावाजलेली फौज निळे कोट घालून पुएब्लाच्या टेकडीवर चढायला निघाली. वर आपली माणसं, त्यांत या डोंगरातलीही, काहींच्या हातात नुसते कोयते. दुपारी पाऊस आला, उतार निसरडा झाला आणि ती नावाजलेली मंडळी आली तशी खाली गेली. सरकारनं चारच दिवसांत तो दिवस सणाचा ठरवला. एका पोरीनं विचारलं, मग ते परत आलेच नाहीत का? आले, म्हटलं, पुढच्याच वर्षी आले आणि शहर घेतलंही. बाई खाकरल्या. पण मला या सणाचं हेच आवडतं. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नसताना लोकांनी एका दिवसाचा आनंद पदरात पाडून घेतला, आणि तो आजवर सोडलेला नाही.

आपल्या गावच्या लढाईत फ्रेंच कुणी व्हायचं हा प्रश्नच नसतो. वरची आळी मेक्सिकन, खालची आळी फ्रेंच. आपण खालच्या आळीत जन्मलो, विषय संपला. माझे आजोबा हरले, वडील हरले, मी एकतीस वर्षं हरतो आहे. लोकांना वाटतं, हरायला काय लागतं? पण हरणारा मन लावून हरला नाही, तर जिंकणाऱ्याचं जिंकणं अळणी होतं.

तू अकरा वर्षांची होतीस. चुलतभावाची विजार, त्याचीच टोपी, आणि कुणाला पत्ता लागू न देता माझ्या फौजेत घुसलीस. वरच्या आळीनं त्या दिवशी मोलेच्या घट्ट, तिखट रश्श्यावर असा ताव मारला होता, की निम्मे शिपाई झाडाखाली आडवे. तिसऱ्या हल्ल्यात आम्ही रिवाजाप्रमाणे चिखलात पडलो. पण तिसऱ्या हल्ल्यात पडायचं असतं, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तू सरळ वर गेलीस आणि फ्रेंच निशाण रोवलंस. गावात पहिल्यांदाच फ्रेंच जिंकले. वरच्या आळीचा म्होरक्या हासिंतो रडायच्या बेतात आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी लढाई पुन्हा लढावी लागली. त्या दिवशी चढतानाच तुझी टोपी पडली होती, वेणी सुटली होती, आणि खाली आल्यावर भर चौकात मी म्हणालो, "पोरींची जागा भाकऱ्यांच्या टोपल्यांपाशी. लाज आणलीस मला." तू चिखलातून उचलून आणलेली टोपी माझ्या हातात दिलीस आणि घरी गेलीस. तेव्हापासून तू नाताळला येतेस, पितरांच्या दिवशी झेंडूची फुलं घेऊन येतेस, मेमध्ये कधीच नाही.

खरं काय ते ऐक. मी चिखलात पडून तुला चढताना बघत होतो आणि इतका हरखलो होतो, की मेल्याचं सोंग विसरून उठून बसलो. लाज मला मुळीच वाटली नव्हती. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं म्हणून ओरडलो. चूक माझी होती, तुझी नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला बावीस वर्षं लागली, बघ.

यंदा माझ्याच्यानं टेकडी चढवत नाही. जनरल कोण, म्हणून पंचांनी विचारलं. हासिंतो लगेच आपला भाचा पुढे करायला लागला. मी म्हटलं, मला लेक आहे. त्यावर तीन बैठका झाल्या. शेवटी हासिंतो म्हणाला, "येऊ दे की. पण ती हरेल का?" मी म्हटलं, ते तिलाच विचारावं लागेल. नाताळला तू इथंच विसरलेल्या सदऱ्यावरून माप घेऊन आईनं माझा निळा कोट तुझ्या अंगाचा केलाय. दाराजवळच्या खुंटीवर टांगलाय, त्यावर तुझी ती टोपीही आहे. ये. कुठं पडायचं ते या वेळी आधी सांगेन. आणि नाहीच पडलीस, तर सकाळी पुन्हा लढू.

तुझाच,
एकतीस वर्षं हरलेला
बाबा