पडलो नाही, बसलो

३ जून, बुधवार. सकाळी ७.
देवनहळ्ळीच्या या वृद्धाश्रमात बावीस दिवस झाले, एकदाही पडलो नाही. मुलानं, संतोषकुमारनं, शब्द दिलाय: अप्पा, महिनाभर पडला नाहीत तर जयनगरला घरी नेतो. आठ दिवस राहिले. आजपासून काठी बंद. काठी बघितली की लोकांना शंका येते.

सकाळी ९.
बाथरूममध्ये बसलो. पडलो नाही, बसलो. फरशी ओली होती. नर्स शिवलीलानं उचललं. निपाणीकडची पोरगी, मराठी बोलते, मला अज्जा म्हणते. रजिस्टरात लिहू नको म्हणून हात जोडले. सरी म्हणाली, म्हणजे ठीक आहे. आपल्या भाषेचं माणूस शेवटी आपलंच.

४ जून.
गुडघा सुजला. डॉक्टरना सांगितलं, डास चावला. ते म्हणाले, चांगलाच धष्टपुष्ट डास दिसतोय. शिवलीला खाली बघत होती. झोप नाही.

५ जून.
शिवलीला काळजीत. इथे दर शनिवारी सगळ्या नर्स गोल बसतात. आठवड्यात माझं काय चुकलं, का चुकलं, पुढच्या वेळी काय करीन, हे प्रत्येकीनं वहीतून वाचायचं. ऐकून मेट्रन सरस्वतीबाई रागावत नाहीत म्हणे. चाळीस वर्षं दुकान चालवलं, चुका मीच सांगायचो, नोकरांना विचारत नव्हतो. मागच्या शनिवारी हिनं चादर उशिरा बदलली असं वाचलं, तर बाई म्हणाल्या, अजून आत बघ.
मी सातवी पास, पण माणसं ओळखतो. सांगितलं, किरकोळ लिहू नकोस. मोठी चूक शोध आणि खरं लिही, खरं बोलणाऱ्याला कोणी हात लावत नाही. दोनदा विचारलं तिनं, नक्की ना अज्जा? म्हटलं, बिनधास्त लिही.

६ जून, शनिवार. दुपारी ४.
बॅग भरायला घेतली. खिडकीतून नर्स दिसतायत. शिवलीला वाचतेय. बराच वेळ वाचतेय. आता सगळ्या माझ्याकडे बघतायत. सल्ला कोणाचा, ते सांगितलं असेल.

संध्याकाळी ६.
दगा. स्वतःच येऊन सांगितलं, डोळे पुसत. तिची चूक काय, तर अज्जांच्या भिडेपोटी त्यांचं पडणं लपवलं. म्हटलं, पडलो मी, तुझ्या वहीत कसं? तर म्हणते, लपवलं मी ना अज्जा. सरस्वतीबाईंनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. मग त्यांनीच संतोषला फोन करून कळवलं.
मरेपर्यंत हिच्याशी बोलणार नाही.

७ जून. सकाळी ८.
संतोषचा फोन. म्हटलं, महिना पुन्हा पहिल्यापासून मोजू. तो म्हणाला, मोजायचं कशाला अप्पा, तिथंच बरे आहात. त्याचा आवाज इतका मोकळा बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. रविवार, आराम झाला असेल.

सकाळी ९.
बाथरूमला जायचं होतं. दहा मिनिटं तग धरला. मग बेल दाबली. शिवलीला आली. बोललो नाही. हात तेवढा दिला.