चालत्या घड्याळाला चावी

४ फेब्रुवारी

ती. दादास, भोंग्याचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण काल माईकवर माझी शोभा झाली आणि ती तुला कशी सांगावी हेच सुचत नव्हतं. पाचव्या फलाटावरच्या लांबच्या बसचे एकवीस थांबे वाचत होते. बाराव्या थांब्याला दम संपला. माईक चालूच, त्यामुळे अख्ख्या स्थानकाने माझी घरघर ऐकली. एक आजोबा धावत खिडकीशी आले आणि बस आता बाराव्याच थांब्यापर्यंत जाणार का म्हणून विचारायला लागले. बिचारे तेराव्या थांब्याचे होते. हसू नकोस.

साहेबांनी बोलावून सांगितलं की महिन्यात ही तिसरी वेळ, पुन्हा असं झालं तर मला पार्सलच्या खोलीत बसवतील. अकरा वर्षं मी हा माईक सांभाळलाय रे. मला दुसरं येतं काय?

दमा तरी सांगून यावा! परवा दोनदा जिने चढले, काही झालं नाही, आणि काल आपली खुर्चीत बसलेली. औषध आहे, पण बरं असताना उगाच कशाला, ही तुझीच शिकवण. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, काळजी मात्र करू नये.

तुझी,
भोंगा

१० फेब्रुवारी

चि. भोंगा हिस दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने मोठ्याने वाचलं. आजोबांच्या जागी आम्ही दोघं हसलो, पुढचं मात्र मी तिला दोनदा वाचायला लावलं. काळजी करू नये असं लिहून कोणी थांबतं का गं?

माझ्या दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक सांगतं की घड्याळ मनाला येईल तेव्हा थांबतं. मी वाद घालत नाही, एक चिठ्ठी देतो. कधी थांबलं, कुठे होतं, शेजारी काय होतं, तेवढं लिहून आणा म्हणतो. गेल्या वर्षी एका शिवणकामवाल्या बाईंनी अशी चिठ्ठी आणली, तेव्हा कळलं की त्या घड्याळ टाचण्यांच्या लोहचुंबकाजवळ काढून ठेवायच्या. तीन महिने मी त्यातलं एकेक चाक पुसत बसलो होतो.

सोबत कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाठवतोय. धाप लागली की भर, आणि डॉक्टरीणबाईंना दाखव. आळस करशील तर मी स्वतः येईन दम द्यायला.

तुझा,
दादा

६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

नऊ चिठ्ठ्या भरल्या. चार सोमवारच्या! सोमवारी आमची माईकची खोली फिनेलने धुतात आणि मी खिडकी बंद करून आत बसते. दोन गार वाऱ्याच्या. एक तुझं पत्र वाचून फार हसले त्याची. उरलेल्या दोन्हींना काही म्हणजे काही कारण नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सगळी कारणं सापडतातच असं नाही, आणि सापडायलाच हवीत असंही नाही. त्यांनी फुंकायची एक नळी दिलीय. सकाळ-संध्याकाळ जोरात फुंकायचं आणि आकडा लिहायचा. गंमत म्हणजे मला काही जाणवायच्या दोन दिवस आधीच आकडा उतरायला लागतो म्हणे. कितीला काय करायचं आणि कितीला एक क्षणही न थांबता दवाखाना गाठायचा, ते त्यांनी कागदावर लिहून दिलंय. तो मी माईकसमोरच चिकटवलाय.

आता ऐक, गुन्हेगार कोण ते. त्यांनी दम्याच्या तपकिरी पंपाबद्दल विचारलं. निळा धाप लागली की घ्यायचा, तपकिरी रोज, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मोठ्या ऐटीत म्हटलं की बरी असते तेव्हा तपकिरीला शिवतही नाही, कारण माझा भाऊ घड्याळजी आहे आणि चालत्या घड्याळाला हात लावू नये असं तो सांगतो. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, बरं वाटत असतानाही आत सूज असते, तपकिरी तिच्यासाठी. आणि पुढच्या वेळी भावालाही घेऊन या म्हणाल्या.

साहेब दोन एप्रिलला स्वतः उभे राहून ऐकणार आहेत. रोज रात्री एकवीस थांबे घोकतेय. लोभ असावा, पण सल्ले जरा बेताने.

तुझी,
भोंगा

११ मार्च

चि. भोंगा हिस अनेक आशीर्वाद.

माझ्या हातातला चिमटाच पडला. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा न बोललेली बरी होती असं वाटलं. माझ्या एका वाक्यापायी तू वर्षभर धापा टाकतेस? मला माफ कर, पोरी.

ते वाक्य मी सुरीने मागचं झाकण उघडणाऱ्यांना ऐकवतो. पण माझ्या भिंतीवरची सतरा चावीची घड्याळं तू लहानपणापासून पाहिलीस ना? रोज सकाळी मी सगळ्यांना चावी देतो, छान चालणाऱ्यांनाही. चालतात म्हणून एकालाही कधी वगळलं नाही. तपकिरी पंप म्हणजे ती चावी, हे माझ्या टाळक्यात कसं नाही आलं? रोज दे. दम धर. बाकी मी आता डॉक्टरकीतून निवृत्त.

तुझा मूर्ख,
दादा

४ एप्रिल

चि. भोंगा हिस अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्यासमोर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

न कळवता आलो, कारण कळवलं असतं तर तू आणखी घाबरली असतीस. पाचव्या फलाटावर उभा राहिलो. तू थांबे सुरू केलेस, मी सवयीने सेकंदकाट्याकडे बघत होतो. बाराव्याला माझाच श्वास अडकला. तू तेरावा घेतलास, चौदावा घेतलास, आणि एकविसावा असा ठणठणीत म्हटलास की शेजारच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी रडत होतो. डोळे पुसावेत म्हणून वर पाहिलं तर तुमच्या स्थानकाचं घड्याळ चार मिनिटं मागे. मग माझा हात कुठला राहतोय? बाकावर चढलो.

आणि साऱ्या स्थानकाला ऐकू गेलं की फलाट पाचवर बाकावर चढलेल्या गृहस्थांनी कृपया चालत्या घड्याळाला हात लावू नये.

साहेब पोट धरून हसत होते. माईक तुझाच राहिला हे त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा कुठे मी खाली उतरलो. पण त्याहून सुख वाटलं ते चहा पिताना. एकतीसच्या सकाळी आकडा उतरला होता, तू कागद पाहिलास, लिहिलं होतं तसं केलंस आणि दोन तारखेपर्यंत तो पुन्हा वर आला, हे तू किती सहज सांगितलंस! धाप पुन्हा लागेलही, पण आता तिची वर्दी आधी मिळेल. मी कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

वहिनी आता बोलते. सकाळी चाव्या देताना मी अजून सतराच मोजतो, आणि मग तुझ्या गावाकडे तोंड करून जरा उभा राहतो. तुझी तपकिरी चावीही तेव्हाच दे.

तुझा,
दादा