एकेचाळीस चित्रे आणि जास्तीचा पुंकेसर

मी, रुक्मिणी काशीराम धुरी, वय ६३, अविवाहित, व्यवसाय झाडाफुलांची चित्रे काढणे, राहणार मुलुंड पूर्व, हे माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. शरीर थकले आहे. डोके शाबूत आहे, आणि राग तर अगदी ताजा आहे.

१. राहती खोली व पोस्टातली पुंजी धाकटी बहीण प्रेमा हिला. खालचे सगळे तिनेच पार पाडावे.

२. भाऊ दत्ताराम यास माझा ब्रश बुडवायचा पेला. "फुलं काढून कोणाचं पोट भरलंय गं?" असे तो जन्मभर विचारत आला, आणि दर महिनाअखेर माझ्याकडेच जेवायला आला. पेला न विसळता द्यावा.

३. माझे भिंग डॉ. मार्तंड खांडेपारकर यांस. मुलुंडच्या डोंगरावरची झाडे त्यांनी गोळा केली, चित्रे मी काढली. पहिलेच चित्र मासिकात त्यांच्या नावाने छापून आले. मी विचारले, तर म्हणाले, "हात तुझा, डोकं माझं. नाव डोक्याचंच लागतं ना!" त्या दिवसापासून प्रत्येक चित्र मी दोनदा काढले, एक खरे आणि एक चुकीचे. चुकीचे त्यांना दिले. कळलावीला पुंकेसर सहा असतात, त्यांच्या पुस्तकात सात आहेत. कुड्याला एक पाकळी जास्त आहे. जाणूनबुजून चुकीचे काढणे फार जड जाते, पहिल्यांदा मी रडले. चित्र नमुन्याशी ताडून पाहायचे आणि मगच मागे सही करायची, ही आमच्या कामाची रीत. त्यांनी एकेचाळीस सह्या केल्या, भिंग एकदाही मागितले नाही. पुढे सत्कार झाला, शाल मिळाली. मी तिसऱ्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवल्या.

४. आता त्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे. माझ्या तेराव्याला प्रेमाने चुकांची यादी त्यांना व त्यांच्या विद्यापीठाला पाठवावी.

५. खरी चित्रे पलंगाखालच्या ट्रंकेत आहेत. डॉक्टरांनी दरवर्षी माझ्या श्राद्धाला स्वतः यावे, जिन्यात चार शेजाऱ्यांदेखत "हे रुक्मिणीने काढले" असे म्हणावे, आणि एक चित्र न्यावे. त्यांचे वय आज बहात्तर आहे. ते गेल्यावर उरलेली चित्रे प्रेमाची.

प्रेमा, म्हातारा जिना चढून दमलेला दिसेल, तुला दया येईल. पाणी दे. दोन चित्रे देऊ नकोस.

मुलुंड, १४ ऑगस्ट १९८६
सही: रुक्मिणी का. धुरी

आमच्यासमोर वाचून सही केली:
एथेल परेरा, शेजारीण
लवू परब, सोसायटीचे सेक्रेटरी