हाड जिभेला चिकटतं

सोमवार, ४
आलो बाई एकदाच्या! कार्यशाळेच्या वरच्या दोन खोल्या आता आमच्या. मोठी खिडकी लेकीने, म्हणजे आमच्या चिमणीने, आल्या आल्या बळकावली. मी ओटा दोनदा घासला. दुसऱ्याच्या घासण्यावर माझा विश्वास नाही, त्याला मी तरी काय करू? खाली कार्यशाळेच्या मालक सरांनी त्यांचं 'बाळ' दाखवलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा बिनशिंगी गेंडा, हत्तीहून कितीतरी उंच. खोदून आणलेलं त्याचं मांडीचं हाड प्लास्टरमध्ये गुंडाळून टेबलावर निजवलंय. प्लास्टर कापायची करवत परजत त्यांच्या मदतनीस काकू म्हणाल्या, पाय मोडलेला पेशंट आहे, जपून हं. या कार्यशाळेत त्या दोघांखेरीज कामाला कोणी नाही. सुईने आणि ब्रशने हाडावरचा दगड काढायचा, ही माझी नोकरी. चिमणीची शाळाही चालत जाण्याएवढी जवळ. देव पावला म्हणायचं.

बुधवार, ६
शी! ही माणसं हाडं चाटतात. तुकडा दगडाचा की हाडाचा हे कळलं नाही की सरळ जिभेला लावतात. दगड घसरतो. जुन्या हाडाला बारीक भोकं असतात, ते ओल ओढून घेतं आणि जिभेला चिकटतं. सरांनी चाटला, काकूंनी चाटला आणि तोच उष्टा तुकडा माझ्यापुढे धरला. मी ओलं बोट लावून बघते म्हटलं, तर दोघंही खो-खो हसले. नवी नोकरी आहे, करते काय! नाक मुठीत धरून चाटला. चिकटला. आधी खडूची चव लागली, मग मागून खवट तुपाची. किती वेळा दात घासले, तरी जाईना.
चिमणीला सांगितलं तर तिला खेळच मिळाला. कप, दार, भिंत, जे दिसेल ते चाटते आणि 'दगड!' असं जाहीर करते. एक धपाटा दिला, पण हसू आलंच.

सोमवार, ११
रोज हेच चालू आहे. आता हाड जिथे आम्ही चाटतो तिथे ओलसर राहतं, आणि ती ओल पसरतेय. मळकट पिवळी, बोट लावलं की तार सुटते. वासाने जेवणाचा डबा उघडवला नाही. सरांचं म्हणणं, खोदताना हाडाला लावलेला डिंक विरघळला असेल. असं म्हणून त्यांनी पुन्हा तिथेच जीभ लावली! काकूंचे ओठ फाटलेत, सारख्या पाणी पितात. मीही पितेय. तहान काही भागत नाही.

शुक्रवार, १५
आज सुई आत गेली. लोण्यात जावी तशी. भोकातून कोमट, चिकट काहीतरी माझ्या मनगटावर आलं. पोटातलं सगळं ओकले. काकू कामावर नाहीत. त्यांच्या मुलाने दवाखान्यात नेलंय. कितीही सलाइन लावलं तरी अंगात पाणी म्हणून राहत नाही म्हणे.
सरांनी हात धरून मला उठवलं, तर तळव्याला तळवा चिकटला. ओढून सोडवला. माझी साल त्यांच्या हातावर राहिली. त्यांनी ती पाहिली. आणि चाटली.
नोकरी गेली खड्ड्यात.

रविवार, १७
निघायचं होतं, पण पाय उचलत नाहीत. बादलीभर पाणी अंगावर ओतलं — मोरीत थेंब गेला नाही. सगळं मुरलं. कातडी पांढरी पडलीय, नखाने भुकटी निघते. घशातून आवाज नाही.
ताईला फोनवर लिहून कळवलं, उद्या सकाळी येऊन चिमणीला घेऊन जा. चिमणीला खुणेने सांगितलं, आईला शिवायचं नाही. रुसून कोपऱ्यात बसलीय. आजची रात्र तिला लांब ठेवायचं, बस —

सोमवार, १८
खुर्चीतच डोळा लागला. मनगटाला गरम लागलं तशी जाग आली. चिमणी. आई दगड की हाड, एवढंच बघायचं होतं पोरीला.
चिकटली.
ताई, ओरडता येत नाही म्हणून लिहून ठेवतेय. दार उघडंच आहे. आमच्या मधे पाण्याचा जग ओतला — माझ्याच हातात मुरला. ओढलं तर तिची जीभ — नाही, ओढवत नाही. आधी ती उं-उं करत होती. आता करत नाही. ओठ वाळले गं तिचे —
आणि मला — शी, कसं लिहू — मला गार वाटतंय. किती दिवसांनी तहान भागतेय. तोंडाला पाणी सुटलंय माझ्या. किळस येते स्वतःची, तरी हात तिच्याकडेच —
जिन्यावर पावलं. तूच ना?
खाली टेबलावर काकूंची करवत आहे. माझा हात मनगटाच्या वर काप. मी हात मागे घेतला तरी ऐकू नकोस, ताई, कारण बरं वाटतंय गं, इतकं बरं —