हनुवटीखालची गळती

२ डिसेंबर

आलो एकदाचा! सहा वर्षं समुद्रकाठच्या डायव्हिंगच्या दुकानात काढली, आता हातकणंगल्याचं घर गाडीवरून अर्ध्या तासावर. आईनं पहिल्याच दिवशी चौघांना पुरेल एवढा डबा दिला. बचाव पथकाची शेड नदीला लागूनच आहे. पत्र्याचं छप्पर, पाण्यानं भरलेला सिमेंटचा मोठा हौद आणि भिंतीवर खिळ्यांना टांगलेले पाच मास्क. त्यांची निगा राखणं हे माझं काम. काठावरून पाणबुड्याची दोरी धरणारा अमरसिंह दारातूनच ओरडला, या धम्मपाल पावणं, तुमच्यावाचून आमचा श्वास अडलाय! आणि हसत हसत माझा निम्मा डबा त्यानंच संपवला.

हे मास्क साधे नव्हेत. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत अख्खा चेहरा आत जातो, तोंड मोकळं राहतं. म्हणून पाण्याखालून बोलता येतं, आणि काठावरच्या रिसीव्हरमध्ये ते ऐकू येतं. फक्त सिलिकॉनची कड चेहऱ्याला सगळीकडून चिकटली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी हवा बुडबुडे काढत पळते आणि टाकी निम्म्या वेळात रिकामी होते. सहा वर्षांत माझ्या हातून एकही गळका मास्क पाण्यात गेलेला नाही. हे मी सगळ्यांना जरा मिरवूनच सांगितलं.

४ डिसेंबर

पथकाचे प्रमुख जोतीराम. सगळे त्यांना आबा म्हणतात. वय पंचावन्न, दाढी छातीपर्यंत. रोज सकाळी बंधाऱ्यापाशी बुडी मारतात. कुणी बुडालेलं नसलं तरी मारतात.

आज अमरसिंहनं कारण सांगितलं. ऑगस्टच्या पुरात वाहून गेलेल्या एका बाईला शोधायला आबांचा एकुलता एक मुलगा, सम्राट, खाली उतरला. उतरण्याआधी तो म्हणाला होता, आबा, हनुवटीखाली जरा हवा सुटतीया. काठावर त्या बाईची माणसं रडत होती, घाई होती. आबा म्हणाले, चालतंय की, जा. दोन दिवसांनी मास्क खालच्या धोंड्यापाशी सापडला. सम्राट अजून सापडलेला नाही.

पोरगं मिळेपर्यंत दाढीला वस्तरा लावणार नाही, असा आबांचा नवस आहे. बुडी मारतात ती सम्राटच्याच मास्कमध्ये.

चालतंय की! दिवसातून शंभर वेळा म्हणतो आपण. मीही म्हणतो. आज एकदाही म्हटलं नाही.

७ डिसेंबर

आबांचा मास्क गळतो. हनुवटीखाली, डावीकडं. चाळीस मिनिटांची टाकी वीस मिनिटांत संपते आणि आबा शिव्या देत वर येतात. दाढीवर कड बसणार कशी, डोंबल! मी तोंडावर सांगितलं, नवसबिवस मी मानत नाही, दाढी काढा. ते चिडले नाहीत. पोराला शब्द दिलाय बाबा, एवढंच म्हणाले. मग मलाच ओशाळल्यासारखं झालं.

दुपारी त्यांची बायको, चिमणामावशी, भाकरी घेऊन आली. माझा हात धरून म्हणाली, गळतोय ते गळू दे. गळतोय म्हणून तर माणूस घरला येतोय. मी शहाणपणा केला. म्हणालो, मावशी, गळक्या मास्कनंच तुमचा मुलगा गेला. ती डब्याचं झाकण लावत बसली. जीभ हासडून टाकावी वाटली माझी.

१० डिसेंबर

तोडगा निघाला! हनुवटीखालून कानापर्यंत जिथं कड टेकते, तेवढीच बोटभर पट्टी भादरायची. वरची दाढी गुंडाळून मास्कच्या आत, खालची बाहेर. नवसही राहतो, कडही बसते. आबा काल जोतिबाचा कौल घेऊन आले आणि आज समोर येऊन बसले. वस्तरा मीच फिरवला. सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान हलली नाही.

मग अर्धा तास हौदात बसवलं. एक बुडबुडा नाही! अमरसिंहनं मिसळ आणली. आबांनी एक घास खाल्ला आणि विचारलं, उद्या चाळीस मिनिटं मिळतील न्हवं? मी म्हटलं, मिळणार म्हणजे मिळणार.

१२ डिसेंबर

नदीत परत गळला. काल आणि आजही. त्याच जागी. विसाव्या मिनिटाला आबा वर.

काल कड नवी बसवली होती. हौदात काही नाही, नदीतच गळतो. आज धुताना कडेखाली गाळाचे ठसे दिसले. चार बोटांचे. भांड्यावरचं झाकण उचलावं तशी कड बाहेरून कुणीतरी उचलली आहे. आबांची बोटं केळ्यासारखी जाड, आणि ते हातमोजे घालतात. हे ठसे बारीक बोटांचे आहेत.

काहीतरी काडीकचरा अडकला असेल. नक्कीच.

१५ डिसेंबर

तीन दिवस तेच. रोज ठसे.

आबांनी आज हात जोडले माझ्यापुढं. एवढ्या मोठ्या माणसानं. म्हणाले, वीस मिनटात मी खालच्या धोंड्यापत्तुर पोचतोय आणि माघारी यावं लागतंय. एकडाव पुरती हवा दे. मला त्येला नुसतं सांगायचंय, बाळा, चुकलं माझं.

मला रडू आवरेना. हनुवटीखालून जाड पट्टा घेतला, वर लोखंडी बक्कल. आता कुणी उचलू म्हटलं तरी कड उचलायची नाही.

१६ डिसेंबर

लिहून ठेवायला पाहिजे.

नऊला उतरले. मावशी घाटावर उभी होती. वीस मिनिटं झाली, गळती नाही. मी अमरसिंहला टाळी दिली. खरंच दिली.

एकविसाव्या मिनिटाला रिसीव्हरमध्ये आवाज. बारीक. आबा, वर जावा. मला वाटलं आबाच काहीतरी पुटपुटतायत. परत आवाज— आबा, पट्टा निघंना, वर जावा की. अमरसिंह पांढरा पडला. म्हणाला, हा सम्राटचा आवाज हाय.

पोरगा रडत होता. रोज तोच कड उचलत होता. बापानं माघारी जावं म्हणून.

मग आबा. अगदी शांत. आलो रं बाळा.

दोरी ओढली. नुसतीच आली. गाठ सोडलेली.

१७ डिसेंबर

दिवसभर शोधलं. काही नाही.

मावशीनं एकच विचारलं, गळला न्हाय न्हवं? मी म्हटलं, नाही. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर—

१८ डिसेंबर

मास्क सापडला. सम्राटच्या वेळी सापडला होता त्याच धोंड्यापाशी. रिकामा. बक्कल लावलेलंच. पट्टा ताठ.

बक्कल न उघडता डोकं बाहेर आलं कसं?

१९ डिसेंबर

खिळ्याला टांगलाय. काचेवर आतून वाफ धरते. पुसायला जावं तर बाहेरून काच कोरडी. वाफ जाते, परत येते. श्वास घेतल्यासारखी. जाते— येते—

बक्कल उघडत नाही. पकडीनंही नाही.

२० डिसेंबर, सकाळ

रिसीव्हरची बॅटरी काढून ठेवली. तरी—

आबांचा आवाज. गुदमरतंय बाबा, पट्टा सोड. आणि पोरगा. रागानं नाही, विनवून. दादा, आबांस्नी सोडा.

मी बांधला. मी. माझी मिजास.

दहा वाजले

मावशी आली. तिलाही ऐकू आलं. मास्क मांडीवर घेतला, काचेवर गाल टेकवला. म्हणाली, काप की, लेकरा.

पट्टा कापला. आतून हवा सुटली, लांबलचक, गरम. वाफ गेली. आवाज थांबले. सुटले दोघं! मी ढसाढसा रडलो. मावशी रडली नाही. मास्क पदरात घेऊन घाटावर जाऊन बसली. इथून खिडकीतून दिसतेय. बसू दे थोडा वेळ.

मावशीनं पदर खोचला. मास्क तोंडाला लावतेय. टाकी नाही, नळी नाही, आत हवा कुठली— पायरी उतरली—

रिसीव्हर परत. दोघंही ओरडतायत. धम्मपाल, तिला धर. पाणी कमरेला— पट्टा नाही तरी मास्क गच्च बसलाय, कुठंच फट— पोरगा म्हणतोय, दादा, पळा, आईची कड उचला, कड—